बारावीतल्या लेकीला कॉलेज दाखवायला नेताना

कळव्याच्या खारीगावातून एका आईने विचारलं आहे: लेक बारावी सायन्सला, पीसीएम ग्रुप. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करायचं म्हणते. आम्ही ओबीसी, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. घरात आजवर कोणी इंजिनीअर झालेलं नाही. कॉलेजं आधीच बघून ठेवावीत का, की सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागल्यावर? गेलो तर बघायचं काय? लेक म्हणते, मी मैत्रिणींबरोबर जाते, तू नको येऊस. आणि कागदपत्रांना कधी लागायचं?

ताई, मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २४ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं प्रवेशाच्या दिवसांत मार्गदर्शनाच्या टेबलावर बसले. त्या टेबलापुढे जून-जुलैत जे आईबाप घामाघूम होऊन उभे राहायचे, त्यांच्यातल्या बहुतेकांची अडचण मार्कांची नसायची. मुलीने ज्या कॉलेजचं नाव पहिल्या नंबरवर लिहिलंय ते तिने कधी पाहिलेलंच नसायचं, किंवा एखादा कागद तालुक्याच्या कचेरीत अडकलेला असायचा. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ देते: निकालाआधी बघा, आणि शक्य असेल तर दिवाळीआधी बघा.

याचं एक कारण नियमातच आहे. इंजिनीअरिंगचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांमधून होतात. २०२५ च्या प्रवेशापासून तिथे चार फेऱ्या झाल्या आणि पसंतीक्रमाचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत तुम्ही पहिल्या क्रमांकावर लिहिलेली जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी कोणतीही मिळाली तरी तेच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. पूर्वी मुलं पहिल्या फेरीत 'बघू काय मिळतंय' म्हणून यादी भरायची आणि नंतर सुधारायची, तो काळ गेला. यादीतली वरची सहा नावं म्हणजे आता जवळपास शब्द दिल्यासारखं आहे. तुमच्या वर्षीचं माहितीपत्रक निघालं की हा भाग आधी वाचा, कारण नियमांत दरवर्षी थोडंफार बदलतं. पण जे कॉलेज पाहिलंच नाही ते वरच्या सहांत लिहू नये, हे कोणत्याही वर्षी खरंच राहणार.

दुसरं कारण दिवसांचं. मे-जूनमध्ये कॉलेजात विद्यार्थी नसतात, प्रयोगशाळांना कुलूप असतं. तेव्हा दिसतं ते रंगवलेलं प्रवेशद्वार आणि प्रवेशासाठी मांडलेलं टेबल. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि पुन्हा जानेवारी ते मार्च वर्ग, प्रॅक्टिकल, चाचण्या जोरात चालू असतात. बारावीच्या मुलीला फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आणि एप्रिल-मेमध्ये सीईटी, म्हणजे तिच्यासाठी जानेवारी गेलाच. उरतात ऑगस्ट ते ऑक्टोबरचे दोन-तीन महिने. गणपतीचे आणि दिवाळीच्या सुट्टीचे दिवस वगळा. तीन फेऱ्या मारल्या तरी पुरे, दहा कॉलेजं पालथी घालायची गरज नाही. तिच्या अभ्यासाचे तीन दिवस जातील. ते वाया जाणार नाहीत.

कुठे जायचं? कळव्याहून तीन दिशा आहेत, प्रत्येक दिशेची एक फेरी करा.

पहिली नवी मुंबईची. ऐरोलीला दत्ता मेघे, कोपरखैरण्याला लोकमान्य टिळक, वाशीला फादर सी. रॉड्रिग्ज, नेरूळला एसआयईएस आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठाचं, पुढे नवीन पनवेलला पिल्लई. एका दिवसात यातली दोनच बघा. कळवा ते ठाणे, मग नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स हार्बर. दुसरी दिशा ठाण्यातलीच: कोपरीला के. सी., घोडबंदरला कासारवडवलीत ए. पी. शहा. तिसरी मुंबईकडची: माटुंग्याचं व्हीजेटीआय, चेंबूरचं विवेकानंद, अंधेरीचं सरदार पटेल. व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी नंबर लागणं अवघड असलं तरी तिला एकदा दाखवा. वर काय आहे हे कळलं की खालच्या ठिकाणी काय विचारायचं ते मुलीला सुचतं, असा माझा अनुभव आहे.

जाताना एक गोष्ट आवर्जून करा. रिक्षा करून जाऊ नका, रविवारीही जाऊ नका. कामाच्या दिवशी, तिला रोज ज्या वेळी निघावं लागेल त्याच वेळी, त्याच गाडीने निघा. कळव्याला सकाळी गाडी येते ती आधीच भरून येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऐरोली नकाशावर तुमच्या शेजारी दिसते, पण रस्त्याने जायचं तर विटाव्याचा रेल्वे पूल आणि त्याखाली पावसात साचणारं पाणी मध्ये आहे. माझ्याकडे एक मुलगा होता, मे महिन्यात वडिलांच्या स्कूटरवरून घोडबंदरचं कॉलेज बघून आला, म्हणाला 'मॅडम, पंचवीस मिनिटं लागतात.' ऑगस्टमध्ये भेटला तेव्हा एका बाजूचा सव्वा तास धरून निघत होता, आणि पहिलं लेक्चर निम्म्या वेळा बुडत होतं. मुलगा हुशार होता, कॉलेजही वाईट नव्हतं. चार वर्षं, आठवड्याचे पाच-सहा दिवस. प्रवास हा कॉलेजचाच एक विषय आहे असं समजा. संध्याकाळी साडेपाच-सहाची परतीची गाडीही एकदा अनुभवा. मुलीच्या बाबतीत तर परतीचीच जास्त.

आता आत काय बघायचं. इमारत, लिफ्ट, काचेचा दर्शनी भाग यांवर मिनिटभर घालवा आणि पुढे चला. कॉम्प्युटर विभागाची लॅब बघायला मागा. प्रॅक्टिकल चालू असताना एका मशीनवर किती मुलं बसली आहेत ते बघा. मशीन चालू आहेत का, की निम्म्या पडद्यांवर धूळ आहे? ग्रंथालयाच्या वाचनकक्षात दुपारी मुलं बसलेली आहेत का, आणि तो किती वाजेपर्यंत उघडा असतो? विभागाचा सूचनाफलक तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तिथे कॉलेज स्वतःबद्दल खरं बोलत असतं: चाचण्यांची वेळापत्रकं तारखेवर लागली आहेत की नाही, कोणत्या कंपनीची सूचना कधीची आहे, हजेरी कमी असलेल्यांची यादी किती लांब आहे. आणि मुलींचं स्वच्छतागृह तुम्ही स्वतः जाऊन बघा. हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतं. मी मात्र त्याला फार वजन देते, कारण स्वच्छतागृह नीट नसलं की दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या मुली मी वर्गात पाहिल्या आहेत.

मग दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींशी बोलायचं. पहिल्या वर्षाची अजून भांबावलेली असतात आणि शेवटच्या वर्षाची नोकरीच्या नादात, दुसऱ्या वर्षाची मात्र मोकळी बोलतात. कॅन्टीनमध्ये भेटतात. हे काम लेकीने करायचं, तुम्ही नाही. विचारण्याजोगं असं: सेमिस्टरच्या मध्येच कुठल्या विषयाचे शिक्षक बदलले? केटी लागलेल्यांना, म्हणजे विषय राहिलेल्यांना, कोणी मदत करतं का? सबमिशन स्वतः करता की मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवता? या शेवटच्या प्रश्नावर मुलं हसतात आणि मग बरंच काही सांगून जातात.

प्लेसमेंटच्या फलकावर सगळ्यात मोठा आकडा एका मुलाचा असतो. तुम्ही विचारा मधला आकडा: शंभर जणांचे पगार रांगेत लावले तर पन्नासाव्याचा किती? आणि किती जणांनी नाव नोंदवलं होतं, त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं ही माहिती, मधल्या पगारासकट, संकेतस्थळावर ठेवतात. कॉलेजच्या माणसाने तिथे बघा म्हटलं तरी चालेल, पण उडवाउडवी केली तर वहीत तसं लिहून ठेवा. नॅकचा दर्जा संपूर्ण संस्थेचा असतो, एनबीएचं मानांकन एकेका शाखेचं. त्यामुळे 'आमच्याकडे एनबीए आहे' असं ऐकलं की विचारा, कॉम्प्युटरला आहे का? फीचंही तसंच. काउंटरवरच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी कॉलेजनिहाय आणि अभ्यासक्रमनिहाय प्रसिद्ध होते, ती घरी बसून ताडून बघता येते.

लेक म्हणते तू नको येऊस. तिचं मला समजतं आणि तुमचंही. माझा तोडगा असा: एक फेरी मैत्रिणींबरोबर जाऊ दे, दोन फेऱ्या तुमच्याबरोबर. तुमच्याबरोबरच्या फेरीत गेटपर्यंत आणि कार्यालयापर्यंत तुम्ही, पुढे विभागात ती एकटी. तुम्ही कॅन्टीनमध्ये चहा घेत बसा. कॉलेजच्या प्रवेश कक्षाला आधी फोन किंवा मेल तिनेच करायचा, कारण बऱ्याच ठिकाणी सुरक्षारक्षक ओळखपत्र आणि काम विचारल्याशिवाय आत सोडत नाहीत. सतरा वर्षांच्या मुलीने 'सर, मी बारावीत आहे, मला विभाग बघायचा आहे' हे एकदा स्वतःच्या तोंडाने म्हटलं की तिच्यात काहीतरी बदलतं. माझ्या एका विद्यार्थिनीला घरच्यांनी कॉम्प्युटर, कॉम्प्युटर म्हणून पढवून पाठवलं होतं. विभाग बघून परतताना वाटेत वर्कशॉप लागलं, लेथ चालू होतं. ती तिथे अर्धा तास उभी राहिली. शिक्षकांनी तिला जवळ बोलावून धातूचा कीस कसा निघतो ते दाखवलं. तिने पहिल्या पसंतीला मेकॅनिकल लिहिलं. आई माझ्याकडे रडत आली होती. तिला मी तेव्हा इतकंच म्हणाले की, हे तिने डोळ्यांनी पाहून लिहिलंय, बाकीच्या मुलींनी ऐकून लिहिलंय.

परतीच्या गाडीत 'कसं वाटलं गं?' असं लगेच विचारू नका. तिला आधी वहीत दहा ओळी लिहू दे. तुमचा चेहरा बघून तिचं मत बदलतं, तसं ते बदलण्याआधी कागदावर उतरलेलं बरं. तुमचं मत वेगळ्या पानावर. दोन्ही पानं डिसेंबरात शेजारी ठेवून वाचा.

त्याच सुमारास पसंतीक्रमाची एक कच्ची यादी करायची, पेन्सिलीने. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे कटऑफ फेरीनिहाय मिळतात. त्यातल्या कोड शब्दांनी घाबरू नका: सुरुवातीचं 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींसाठी राखीव जागा, मधलं अक्षर प्रवर्गाचं, शेवटचं 'एच' म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातले, 'ओ' म्हणजे बाहेरचे, 'एस' म्हणजे राज्य पातळीवरचे. तुमच्या लेकीने 'एल ओबीसी'ची रांग शोधायची आणि 'जी ओपन'चीही, कारण गुण चांगले असले तर खुल्या जागेवरही तिचा हक्क आहेच. दोन वर्षांचे आकडे बघा. यादीत तीन थर करा: ओढीची, आवाक्यातली, खात्रीची. खात्रीची किमान पाच-सहा तरी हवीत. मुलं त्यांनाच कंटाळतात आणि शेवटच्या फेरीला तीच कमी पडतात. आणि लक्षात घ्या, सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के मुलं तिच्या मागे आहेत त्यावर, गुणवत्ता यादी लागते. बारावीचे गुण पात्रतेपुरते, म्हणजे खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के. म्हणून अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका, सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे तिला आत्तापासून अंगवळणी पडू दे.

शाखांच्या नावांत फार गोंधळ होतो. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, त्यातच कंसात आर्टिफिशियल इंटेलिजन्स, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी; प्रत्येकाचा निवड कोड वेगळा. एका मुलीचा अर्ज घराजवळच्या सायबर कॅफेत भरला होता. पहिल्या क्रमांकावर त्या माणसाने एका आकड्याने चुकलेला कोड टाकला आणि पहिल्या फेरीत तिला नेमकी तीच, न मागितलेली शाखा मिळाली. दोन दिवस तिने अन्न घेतलं नाही. अर्ज लेकीनेच भरायचा, मोठ्याने कोड वाचायचा, शेजारी तुम्ही छापील यादीवर बोट ठेवून तपासायचं. मोबाइल नंबर आणि मेल घरचाच द्या, कॅफेवाल्याचा नको. पासवर्ड वहीत लिहा.

कॉलेज मोठं की शाखा मोठी, हे विचारलं नाहीत, पण विचाराल. माझं मत: ज्या कॉलेजात मुलीला वर्गात बसावंसं वाटेल, तिथली दुसऱ्या आवडीची शाखा ही कंटाळवाण्या कॉलेजातल्या पहिल्या शाखेपेक्षा बरी. तिला संगणकच हवा असेल तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा आयटीच्या वाटेनेही तिथे पोचता येतं.

आता पैसे. इथे एक गोष्ट तुमच्या फार कामाची आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केली आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्याच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेला ही माफी नाही. खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळलेली आहेत. नवी मुंबईत अशा संस्था बऱ्याच आहेत, देखण्या आहेत आणि फोनही तेच आधी करतात. तेव्हा कुणी डिसेंबरातच 'सीट बुक करा' म्हणालं तर आधी विचारा: हे कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे का आणि जागा कॅपची आहे का? देणगी मागणं तर १९८७ च्या कायद्याने बेकायदा आहे. मूळ गुणपत्रिकाही कुठेच ठेवून घेऊ देऊ नका. पडताळणी करून परत द्यायच्या असतात. फीमाफीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो, त्यासाठी लेकीच्या नावाचं आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. ते आत्ताच उघडा.

अर्थात सगळं एकाच दोरीला बांधू नका. बारावीच्या निकालानंतर मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी सुरू होते, ती करून ठेवा. चेंदणी बंदर रोडवरचं बांदोडकर, वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील, अशा ठिकाणी बीएस्सीला चांगलं शिकायला मिळतं. बीसीए करायचं तर २०२४ पासून त्यालाही वेगळी सीईटी आहे, तिचा अर्ज वेळेत भरावा लागतो.

आणि कागद. हे काम लेकीच्या गळ्यात टाकू नका, हे तुमचं आणि तिच्या बाबांचं. आधी दहावीची गुणपत्रिका, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला टेबलावर शेजारी मांडा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव मूळ धरायचं, बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करायचे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ आणि राष्ट्रीयत्व लिहिलेलं आहे का तेही बघा. नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्र, म्हणजे तुम्ही ओबीसींतल्या संपन्न गटात मोडत नाही असं सांगणारा कागद, ३१ मार्चला संपतं, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी चालेल असं, पुढच्या मार्चपर्यंतचं, एप्रिलमध्ये लगेच काढायला टाका. उत्पन्नाचा दाखला हा त्याहून वेगळा कागद आहे, दोन्ही लागतात.

सगळ्यात जास्त वेळ खातं जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. बारावी सायन्सची मुलं कॉलेजमार्फत अर्ज करू शकतात. प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागतं, ते लेकीला या आठवड्यातच मागायला सांगा. जातीचा दाखला ज्या जिल्ह्यातून निघाला, पडताळणी त्या जिल्ह्याच्या समितीकडे. तुमचा रत्नागिरीतून निघाला असेल तर ठाण्याच्या समितीपुढे रांग लावून उपयोग नाही. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, जातीची नोंद असलेला पुरावा मागतात. म्हणजे तिच्या आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला. काकांच्या मुलाची वैधता आधीच झालेली असेल तर तीही वंशावळीसह जोडा, काम हलकं होतं. सरकार कधी कधी वैधता सादर करायला मुदत वाढवून देतं, पण त्या भरवशावर बसलेल्यांचे हाल मी पाहिलेत.

या गणपतीला गावी जालच. सणाच्या दिवसांत शाळा बंद असते, म्हणून दोन दिवस आधी पोचा किंवा दोन दिवस मागे थांबा. आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकले तिथल्या मुख्याध्यापकांना भेटून जनरल रजिस्टरचा उतारा मागा. जुनी रजिस्टरं फाटायला आलेली असतात आणि नावं 'सखाराम बिन तुकाराम' अशी, आडनावाशिवायही लिहिलेली सापडतात, तेव्हा पणजोबांचं नाव आणि आजोबांचं अंदाजे जन्मवर्ष घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाकडून आधीच विचारून जा.